शिमग्यापर्यंतची वाकळ

"ह्यातलं निम्मं तर नवं हाय, अक्काताई," मी म्हटलं. "नव्या कापडाला कात्री लावायची माझी रीत न्हाई."

अक्काताई चौगुलेनं माझ्या मागच्या सोप्यात, म्हणजे पडवीत, बोचकं सोडलं होतं. आषाढातली दुपार होती, बाहेर चिखल, आणि तिच्या साडीचा काठ घोट्यापर्यंत भिजलेला. बोचक्यात तिच्या लेकीचे, उज्ज्वलाचे कपडे होते. दोन पंजाबी ड्रेस, कॉलेजला नेसायच्या तीन साड्या, शाळेतला निळा स्कर्ट, लहानपणचे दोन परकर आणि मोहरीच्या रंगाची एक साडी. तिची दुकानातली घडीसुद्धा मोडलेली नव्हती. पाहुणे उज्ज्वलाला बघायला येणार होते त्या दिवसासाठी ती घेतलेली. पाहुणे रविवारी यायचे होते, उज्ज्वला गुरुवारीच गेली. वीज मंडळातल्या एका लाइनमनशी तिनं कोल्हापुरात रजिस्टर लग्न केलं. मुलगा दुसऱ्या जातीचा. गावात महिनाभर दुसरा विषय नव्हता. माझ्याही कानावर आलं होतं, फक्त मला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या वर्षी मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

"कापायलाच आणल्यात," अक्काताई म्हणाली. "भावकी मागं लागल्या. पोरीच्या नावानं अंघोळ करा आन मोकळं व्हा म्हणत्यात. ह्येंनी सांगितलं, घरात तिची कापडं हायत तवर कसली अंघोळ? आधी त्या कापडांची वाकळ हुदे. वाकळ शिवून घरात आली, की त्याच दिवशी अंघोळ करतो."

आमच्या कोल्हापूरकडे गोधडीला वाकळ म्हणतात. आणि जित्या माणसाच्या नावानं अंघोळ करायची म्हणजे ते माणूस मेलं असं धरायचं. मग त्याला दार नाही, सणाचं बोलावणं नाही, घरात कुणी त्याचं नावही घ्यायचं नाही. शब्द तोंडातून गेला की गेला. भावकीसमोर केलेली अंघोळ मागं घेता येत नाही.

"म्हंजे ही वाकळ झाली की उज्ज्वला संपली," मी म्हटलं.

"व्हय." तिनं निळा स्कर्ट उचलून परत घडी घातली, घडी आधीच घातलेली होती तरी. "पर घाई न्हाई हां, काकू. पाऊसकाळ हाय, कापडं वाळायची न्हाईत. तुमी आधी तुमचं परडं बगा. एवढी काळीभोर जमीन मोकळी ठेवलीसा."

"बघू," मी म्हटलं.

माझ्या शिवणकामाला घाई नाही, हे मला सांगायची गावात कुणालाच गरज नव्हती. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, इंदूकाकूंकडं बाळंतिणीसाठी वाकळ टाकावी तर पोरगं शाळेतून येऊन ती पांघरतं. मी म्हणायचे, मग पोरं जरा उशिरा काढा की. वर्षाला माझ्या दोनच वाकळा व्हायच्या. पैशासाठी मी कधी शिवलं नाही, त्यामुळं कुणाचं मला ऐकून घ्यायचं नव्हतं. टाका मात्र माझा असा, की उलट्या बाजूनं बघितलं तरी कुठली बाजू सुलट हे ओळखू येऊ नये. चारी कडांनी सुरुवात करून फेऱ्या घालत घालत मध्यावर यायचं. एका फेरीला कधी आठवडा, कधी महिना.

उशीर व्हायचा तो परड्यामुळं. घरामागं पाच-सहा गुंठे जागा होती. मृगाला मिरची, वांगी. श्रावणात दोडका, कारली मांडवावर चढायची. भाद्रपदात काकड्या, दसऱ्याला झेंडू, थंडीत मेथी आणि पावटा, आणि उन्हाळ्यात पुढच्या वर्षीच्या बिया राखेत घोळून डब्यात भरायच्या. माझे यजमान आण्णाप्पा हायस्कुलात क्लार्क होते. शाळेतून आले की शर्ट खुंटीला आणि माणूस परड्यात. मी सोप्यात वाकळ पसरून जेमतेम सुई ओवलेली असायची, तोवर तिकडून हाक यायची.

"इंदू, ये बघ. दोडक्याला पयलं फूल आलंय."

सुई कापडात टोचून मी उठायचे. फूल बघायचं, मग वेल बांधायचा, मग आळ्यात पाणी सोडायचं, मग पायरीवर बसून चहा. परत येईपर्यंत ऊन सोप्यातून निघून गेलेलं. दुसऱ्या दिवशी मुळ्याला कीड, तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांची म्हैस कुंपणातून आत. तीस वर्षं मी त्यांना म्हणत आले, तुमी मला एक फेरी धड पुरी करू देत न्हाई. ते म्हणायचे, मग येऊ नगो की. आणि लगेच पुढची हाक.

वैशाखात ते गेले. रात्री नीट जेवून झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत. मी रडले नाही. बायका म्हणाल्या, रडा, आत राहिलं तर दुखणं होतं. मुंबईहून मुलगा आला, तोही म्हणाला, आई, रड. मी बसल्या जागी बसून राहिले. तेराव्यानंतर सगळे आपापल्या गावी गेले. मृग आला आणि गेला, मी परड्यात एक बी टाकली नाही. मागच्या वर्षीचा मांडव तसाच उभा होता, वर वाळून करकरीत झालेला वेल. मी तिकडचं दार लावून घेतलं.

एरवी आलेलं बोचकं माझ्याकडं महिनाभर नुसतं पडून असायचं. कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी बसेल हे येता-जाता बघत राहायचे. उज्ज्वलाचे कपडे मी दुसऱ्याच दिवशी सोड्याच्या गरम पाण्यात घातले. सोप्यात दोरी बांधून वाळवले, इस्त्री केली आणि कापायला घेतले. मोहरीच्या रंगाची साडी शेवटी ठेवली होती. ती उलगडली तेव्हा दुकानाचा वास आला. मी मध्यावरून कात्री घातली आणि सरळ पार नेली. रीत माझी होती, मोडलीही मीच. हात थांबला नाही. हात थांबावा असं काही वाटलंच नाही.

मग सुई. सकाळी चूल आटोपली की बसायचे ते उजेड जाईपर्यंत. कडेला वरवंटा ठेवून कापड ताणायचं, मधल्या बोटात पत्र्याची टोपी, आणि टाका, टाका, टाका. मध्ये कुणी हाक मारणारं नव्हतं. शिवताना डोक्यात काही येत नसे, एवढंच मला बरं वाटायचं. नाही, बरंही नाही. वेळ जायचा.

आठ दिवसांनी अक्काताई आली. ओल्या फडक्यात मिरची-वांग्याची रोपं गुंडाळून आणली होती.

"आमच्याकडं जास्तीची झाल्यात. लावा. तुमच्या हाताला येत्यात बगा."

"ठेव तिथं."

"ठेवून मरतील ती. चला, मी आळी काढून देते. अर्ध्या तासाचं काम."

"आज नको."

ती उभी राहिली. सोप्यात पसरलेल्या कापडाकडं बघून म्हणाली, "कापलीसा सगळी?"

"कापली."

"सगळी?"

"सगळी. आता कडेची फेरी धरली."

ती खाली बसली. निळ्या स्कर्टचे तुकडे मी चारी कोपऱ्यांना लावले होते, त्यातल्या एकावर तिनं बोट टेकवलं. मला वाटलं, रडेल. ती पण रडली नाही.

"काकू, रोपं तेवढी लावा," ती जाताना म्हणाली. "परड्यात जावा जरा. माणसानं असं एका जागी बसून ऱ्हाऊ ने."

विधवेची कीव करायला येते, असं मी मनाशी म्हटलं. त्या दिवसांत सगळेच कीव करायला यायचे. रोपं फडक्यातच सुकली.

पुढच्या पंधरा दिवसांत ती तीनदा आली. एकदा दोडक्याच्या बिया, एकदा काळा घेवडा, एकदा तर टोपलीभर शेणखत डोक्यावर घेऊन. गिरणीवाल्या चौगुल्याची बायको शेणखताची पाटी घेऊन भर गल्लीतून आली, हे बघून समोरची सरस्वती दारात येऊन उभी राहिली. अक्काताईनं परड्याचं दार स्वतःच उघडलं, पदर खोचला आणि खुरपं मागितलं. मी दिलं. तिनं चार आळी केली, बिया टोचल्या. मी सोप्यातूनच बघत होते. सुई माझ्या हातातच होती.

"आता ह्येला पाणी घालाय तरी उठशीला न्हवं?" ती हात धुताना म्हणाली.

"पाऊस हाय की."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी खाली बघून परत टाका घातला. निम्म्याहून जास्त फेऱ्या झाल्या होत्या. तिनं बोटांनी मोजल्या. कडेपासून आत, एकेक.

"लई झाली की," ती म्हणाली.

"व्हय. हाताला दुसरं काम न्हाई."

"ह्ये इचारत हुते परवा. वाकळ कुठवर आली म्हणून. मी सांगितलं, इंदूकाकूंची वाकळ हाय, शिमगा तरी उजाडंल. ह्ये म्हणालं, मग ठीक हाय. तवर बघू."

शिमगा हा शब्द मला लागला. आठ महिने. गल्लीतल्या बायका थट्टा करायच्या तेव्हा मी हसण्यावारी न्यायचे, पण तेव्हा आण्णाप्पा होते, उशिराला कारण होतं. आता कारण नव्हतं आणि तरी लोक तेच बोलत होते. तिनं पुढं काय सांगितलं, ते "तवर बघू", ते माझ्या कानात शिरलंच नाही. मला त्या दिवसांत शब्द ऐकू यायचे, ते कुणी कशासाठी बोललं ते कळत नसे. ती गेल्यावर मी ठरवलं, नागपंचमीच्या आत हातावेगळी करायची. पंचमीला आमच्याकडं सुई-कात्रीला हात लावत नाहीत. अर्धवट वाकळ घरात ठेवून सण करायचा नव्हता. शिवाय मनात असंही होतं, की त्या बाईची एकदाची सुटका होईल. माझ्याकडं बारावं-तेरावं झालं, संपलं. तिचं मात्र रोज लोंबकळत राहिलंय. संपवून दिलं तर तिलाही असं शांत बसता येईल, माझ्यासारखं.

पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचा टाका घातला. जेमतेम महिना. तीस वर्षांत माझी एवढ्या वेगानं झालेली दुसरी वाकळ नाही, आणि काम कुठं ढिलं नव्हतं. घडी घातली, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळली आणि खांद्यावर टाकून निघाले. गल्लीत माहेरवाशिणी यायला लागल्या होत्या. कुणाच्या दारात झोपाळ्याचा दोर बांधत होते, कुणाच्या चुलीवर लाह्या फुटत होत्या.

चौगुल्यांच्या सोप्यात बळवंतराव बसले होते, अक्काताईचे मालक. गिरणीतून नुकतेच आलेले, केसांत आणि भुवयांत पीठ. समोर खाटेवर त्यांचे थोरले चुलतभाऊ तात्या. भावकीत तात्यांचा शब्द चालायचा. उज्ज्वलाच्या अंघोळीचं पहिल्यांदा त्यांनीच काढलं होतं. अक्काताई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरचं बघून उंबऱ्यातच थांबली.

"या, काकू," बळवंतराव म्हणाले. "काय आणलासा?"

"वाकळ," मी म्हटलं. "झाली."

तिघंही माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, विश्वास बसत नाही. मी कागद काढला आणि सोप्याच्या मधोमध वाकळ पसरली. कडेला हिरवा, मग परकरांचा लाल, चारी कोपऱ्यांना निळा आणि मध्यावर मोहरीच्या रंगाचा चौकोन. काम चांगलं झालं होतं. ते मला दिसत होतं, बस्स एवढंच.

"झाली एवढ्यात?" बळवंतराव म्हणाले.

"बरं झालं," तात्या म्हणाले. "उद्या पंचमी. सणाच्या आत निकाल लागला."

अक्काताई तांब्या खाली ठेवून वाकळेपाशी आली. गुडघे टेकून बसली आणि एक कोपरा उचलून बघायला लागली. मग दुसरा. बराच वेळ बघत होती.

"काकू," ती म्हणाली, "हितं काय राह्यलंय वाटतं. ह्यो कोपरा मारायचा हाय न्हवं अजून? ऱ्हायला असंल तर घेऊन जावा परत. सावकाश करा. अर्धी वाकळ घरात घ्यायची नसती."

मी वाकून बघितलं. कोपरा पक्का होता. चारी कोपरे पक्के होते. माझ्या कामाला कुणी असं कधी म्हटलं नव्हतं, आणि तेही तात्यांसारख्या माणसासमोर.

"कुठं राह्यलंय?" मी म्हटलं. "चारी कोपरे मारल्यात. उलटी करून बघ, सुलटी करून बघ. इंदू मगदूमची वाकळ हाय, एक टाका राह्यलेला न्हाई."

"नीट बगा की, काकू."

"बघितलंय. पुरी झाल्या."

तिनं कोपरा खाली ठेवला.

बळवंतराव वाकले. मधल्या पिवळ्या चौकोनावर त्यांनी पिठाचा हात ठेवला, मग तो लगेच उचलून धोतराला पुसला.

"ही नवी हुती," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं.

"ऊठ, बळवंता," तात्या म्हणाले. "शब्द दिलायस चार माणसांत."

ते उठले. मागच्या दाराकडं गेले. थोड्या वेळानं न्हाणीतून बादली सरकवल्याचा आवाज आला, मग पाण्याचा. एक तांब्या. थांबले. बराच वेळ काही नाही. मग दुसरा. त्या दिवशी पाणी तापवलेलं नव्हतं. अक्काताई वाकळेशेजारी बसलेली, तात्या भिंतीकडं बघत होते, मी उभी. कुणीतरी मला बसा म्हणेल अशी मी वाट बघत होते. न्हाणीतला आवाज संपल्यावर तात्यांनी चपला घातल्या आणि ते गेले.

पुढचं सांगून टाकते. उज्ज्वला त्या घरात परत आली नाही. दोन वर्षांनी बाळाला घेऊन ती कोपऱ्यावरच्या पाणपोईपर्यंत आली होती. बळवंतरावांनी गिरणीचं दार आतून लावून घेतलं, असं सरस्वतीनं सांगितलं. त्यानंतर अकरा वर्षं ते जगले. थंडी असो, उन्हाळा असो, ते त्याच वाकळेवर झोपायचे, दुसऱ्या कशावर त्यांना झोप यायची नाही. लेकीचं नाव मात्र त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. दिलेला शब्द त्यांनी पाळला.

त्या दुपारी अक्काताई मला सोडायला दारापर्यंत आली. दाराबाहेर आली आणि मागं कुणी नाही ना, हे तिनं वळून बघितलं.

"काल जेवताना ह्ये म्हणालं, गौरीच्या सणाला पोरीला चिठ्ठी धाडावी का," ती सांगू लागली. आवाज अगदी साधा, कुणाच्या घरची हकीकत सांगावी तसा. "मी म्हटलं, धाडू की. शिमग्यापर्यंत मन आणखी निवळलं असतं. त्येंनीबी तेच धरलं हुतं. मला इचारायचे, काकू परड्यात दिसत्यात का गं? मी म्हणायची, दिसत्यात."

मी हातातल्या रिकाम्या प्लास्टिकच्या कागदाची घडी घालत होते.

"वाकळंची अट मीच काढली हुती, काकू. भावकी दुसऱ्या दिवशीच अंघोळ कर म्हणत हुती. मी ह्यास्नी सांगितलं, आधी कापडांची वाकळ करू, आन ती इंदूकाकूंकडंच द्यायची. तुमी हळू शिवतासा म्हणून."

तेव्हा पहिल्यांदा मला काहीतरी झालं. वैशाखापासून जे आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं, आणि ते माझ्या माणसासाठी नव्हतं. रोपं, बिया, ती शेणखताची पाटी, सगळं मला त्या दारात उभ्या उभ्या कळलं. भिंत धरून मी उभी राहिले.

"मी उसवते," मी म्हटलं. "आण ती इकडं. आत्ता बसते आणि सगळी उसवते. त्यास्नी सांग, काम चुकलं माझं. तात्यांना मी सांगते. भावकीत येऊन सांगते, इंदूनं वाकळ अर्धी दिली, म्हणून ती अंघोळ धरायची न्हाई."

अक्काताईनं माझा हात भिंतीवरून काढून आपल्या हातात घेतला. मला धीर द्यावा तशी ती हळू बोलली.

"कापडं कापलीसा न्हवं, काकू," ती म्हणाली.